सोडचिठ्ठीचा रकाना

संपादकांनी पत्रात लिहिलं की, तुम्ही संस्थानी नोकरीत उमेदीची वर्षं घालवलीत, तेव्हा दरबार, दसऱ्याची स्वारी, शिकारी अशा काही आठवणी दिवाळी अंकासाठी पाठवा. वाचून मला हसू आलं. जव्हारच्या दरबारात मी दोनदा गेलो. दोन्ही वेळा दाराशी उभा होतो आणि दोन्ही वेळा माझ्यापुढे कुणाचा तरी उंच फेटा होता. शिकार म्हणाल, तर चौकीच्या पडवीत मारलेले विंचू. माझी नोकरी झाली नाक्यावर. मोखाड्याकडून येणारी वाट संस्थानच्या हद्दीत शिरते तिथे एक चौकी होती. पडवीत एक मेज, मेजावर एक जाडजूड नोंदवही आणि वहीमागे मी.

मी बी.ए. होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे घडलं त्यात त्या बी.ए.चा वाटा मोठा आहे. माझे वडील संस्थानच्या पागेत घोड्यांना नाल ठोकत. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. निकालाची तार आली त्या दिवशी वडिलांनी पागेतल्या एकेका घोड्याचं नाव घेऊन त्याला बातमी सांगितली. माणसांना का नाही सांगत, असं आईनं विचारलं, तर म्हणाले, घोडे ऐकून घेतात, उलट काही बोलत नाहीत.

आता हे काम काय होतं ते सांगतो, नाहीतर बाहेरच्या माणसाला काही कळायचं नाही. मोखाडा त्या वेळी इंग्रजी मुलखात. जव्हार संस्थान. मधे भिंत नाही, तार नाही. एक ओढा आणि ओढ्याकाठी शेंदूर फासलेला एक दगड. तिकडच्या पाड्यांवरची माणसं हा दगड ओलांडून इकडे येत. कुणी सोयऱ्यांकडे, कुणी डोंगरउतारावर नागली पेरायला जागा मिळेल म्हणून, कुणी वेठीला कंटाळून. वेठ म्हणजे फुकटची सक्तीची मजुरी. साहेबाचं सामान वाहा, ठेकेदाराचे ओंडके ओढा, बंगल्यावर छप्पर घाला. पळून आलेल्या माणसाजवळ अंगावरचं फडकं, एखादं मडकं आणि कोंबडी एवढंच असे. कागद कुणाजवळच नसे. आमचा नियम मात्र कागदाचाच होता: परमुलखातून आलेल्या इसमाने आपल्या मूळ गावच्या पाटलाचा ग्रामत्याग-दाखला दोन महिन्यांत हजर करावा, नपेक्षा त्यास हद्दीबाहेर करावे. गुन्हा करून पळालेला माणूस संस्थानात लपू नये, एवढाच त्यामागचा हेतू. पण जो पाटलाला चुकवून पळाला तो पाटलाचाच दाखला आणणार कसा, हा प्रश्न मला रुजू झालो त्या दिवशी पडला आणि सुटलो त्या दिवसापर्यंत सुटला नाही.

‘ग्रामत्याग-दाखला’ हा शब्द ऐकून माणसं माझ्याकडे नुसती बघत राहत. मी ठरवलं, सोपा शब्द हवा. कचेरीतल्या लोकांना जड मराठी लिहिण्याची खोड. आपण नालबंदाचं पोर, आपण लोकांच्या तोंडची भाषा वापरू. मी पुष्कळ विचार करून शब्द काढला: सोडचिठ्ठी. गाव सोडल्याची चिठ्ठी. किती सरळ. तेवीस वर्षांचा, बिनलग्नाचा मी. या शब्दाला दुसराही एक अर्थ आहे हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण तो कोर्टकज्ज्यातला, शहरातला, असं मी धरून चाललो. नोंदवहीतला छापील मथळा खोडून मी तिथे ठळक अक्षरांत ‘सोडचिठ्ठी’ लिहिलं. नाक्यावरचा शिपाई धर्मा ते ऐकून मिशीत हसला. मला वाटलं, शब्द आवडला.

तेव्हापासून आलेल्या माणसाला धर्मा दगडापाशीच विचारी, ‘सोडचिठ्ठी हाय का? नसल तर दोन महिन्यांत आण, नायतर माघारी.’ आणि मी उत्तरं टिपून घेई. ती उत्तरं कधी कधी चमत्कारिक असत. एक म्हातारा म्हणाला, ‘ती तं कवाच मेली.’ मी लिहिलं, चिठ्ठी नष्ट. दुसरा एक जण बराच वेळ डोकं खाजवून म्हणाला, ‘दोन हाईत. कोणची आणू?’ मी लिहिलं, दोन गावी वहिवाट. डोंगरातल्या माणसांच्या बोलण्याची ही तऱ्हाच असेल, असं समजून मी पान उलटत असे.

त्या वहीत आणखीही रकाने होते: नाव, वय, मूळ गाव, येण्याचे कारण, शेरा. पण मला जे जाणून घ्यायचं असे त्याला रकाना नव्हता. झालं असं, की पहिल्याच हिवाळ्यात एक म्हातारा दर बाजारच्या दिवशी येऊन शेंदराच्या दगडाशी बसू लागला. बाजार करीत नसे, नुसता पलीकडच्या डोंगराकडे बघे. मी विचारलं, बाबा, काय बघतोस? तर म्हणाला, ‘झोप हुडकाया येतो. तठं डोंगराकडं डोकं करून निजायचो. हठं डोंगर कोणच्या अंगाला हाय तेच समजत नाय.’

मी त्याच्या शेजारी दगडावर बसलो. त्यानं मला डोंगरावरची एकेक घळ नावानिशी दाखवली. पुढच्या बाजारी तो आला नाही. मी धर्माकडून चौकशी केली, तर कळलं की झोपतोय. त्याला काही औषध दिलेलं नव्हतं. एका माणसानं एक दुपार बसून त्याच्या डोंगराची नावं ऐकून घेतली होती, एवढंच.

मला मोठी गंमत वाटली. मी एक स्वतंत्र वही घातली आणि येईल त्याला विचारू लागलो: झोप लागते का? कुठल्या कुशीवर? स्वप्नात कोणतं गाव दिसतं? लोक हसत. मागून मला ‘झोपकारकून’ म्हणत, हे मला धर्मानं मोठ्या आनंदानं सांगितलं. पण वही भरत गेली. बिनचिठ्ठीची माणसं गाठोडं उशाला घेऊन निजतात. दाराशी भोपळ्याचा वेल लावत नाहीत. भोपळा धरेपर्यंत आपण इथे असू याची त्यांना खात्री नसते. कुत्रं भुंकलं की घरातला कर्ता माणूस आधी उठत नाही, आधी बाई उठते आणि पोराच्या तोंडावर हात ठेवते. हे मी लिहून ठेवत होतो, एखादा मुलगा झाडांची वेगवेगळी पानं वहीत दाबून ठेवतो तसं. त्या वहीचं पुढे काय करायचं, हे मला माहीत नव्हतं.

शिमगा होऊन गेल्यावर पोशेऱ्याकडून बुधी आली. वीस-बावीस वर्षांची, पाठीला चार महिन्यांची मुलगी बांधलेली. धर्मानं नेहमीचा प्रश्न विचारला. तिनं पाठीवरची मुलगी सावरली. मी येण्याचं कारण विचारलं, तर थोडक्यात म्हणाली की नवरा वेठीला धरलाय, ठेकेदाराच्या कुपात ओंडके ओढतोय, आता बायांनाही नेणार म्हणून त्यानंच पुढं धाडलं. कूप म्हणजे जंगलतोडीचा तुकडा. पावसाच्या तोंडावर तो बंद होतो. नवऱ्याचं नाव ती घेणार नव्हतीच. मुलीकडे बोट करून म्हणाली, हिचा बा. धर्मानं माहिती काढून ‘लहान्या’ असं लिहवलं. सोडचिठ्ठीच्या रकान्यात मी लिहिलं: नाही. दोन महिन्यांची मुदत. आणि तिला ते मोठ्यानं वाचून दाखवलं. माझी ती पद्धतच होती. लिहिलेलं माणसाला ऐकवलं पाहिजे, असा माझा आग्रह असे.

वांगणीच्या बाजूला एका पाड्यावर तिच्या आत्याचं घर होतं, तिथे ती राहिली.

मुदत संपली की प्रत्येकाच्या घरी जाऊन चिठ्ठी आली की नाही ते पाहायचं, ही माझी फेरी असे. बुधीकडे जायच्या आदल्या आठवड्यातच तिची खबर कानावर आली. बाई खात नाही, निजत नाही. काम दिलं तर करते, पण जातं फिरवताना दाणे घालायचं विसरते आणि रिकामं जातं फिरवत बसते. अंगावरचं दूध आटलंय. पोर वाळत चाललंय. काळू भगतानं दोनदा तांदूळ टाकून पाहिले आणि सांगितलं, हिचा जीव शिवेपल्याड राहिलाय. हे ऐकून मी धर्माला म्हणालो, दवाखान्यात न्यायचं सोडून भगताकडे नेतात, काय म्हणावं. धर्मा म्हणाला, दवाखान्यात बी गेली होती. तिथं नाव-गाव विचारलं तशी पळाली.

मी आणि धर्मा पाड्यावर पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. काळू भगत ओट्यावर बसला होता. आत्या मुलीला मांडीवर घेऊन बोटानं भाताची पेज चाटवत होती. बुधी दारात उभी होती, गाठोडं बांधून.

‘कुठे निघालीस?’ मी विचारलं.

आत्याच बोलली. ‘पोर मना देऊन चाललीय. तिकडं, कुपात. सांगतं ते ऐकत नाय.’

कुपात गेली की ठेकेदाराची माणसं तिला धरणार, हे तिथल्या शेळीलाही कळत होतं. आणि पेजेवर ते पोर किती दिवस काढणार होतं, तेही त्याच्या हातापायांकडे बघून दिसत होतं. मी बाजेवर बसलो. चिठ्ठीचं विचारायचं तोंडावर आलं होतं, पण सवयीनं दुसराच प्रश्न बाहेर पडला.

‘बुधी, झोप लागते का?’

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग पदराची गाठ सोडायला लागली. गाठ घट्ट होती, तिनं दातांनी सोडली. आत एक वाळलेली भाताची काडी होती, वीतभर, मधोमध दुमडून दुमडून मऊ पडलेली. काळू भगत एकदम सावरून बसला. करणी, असं तो पुटपुटला.

मला मात्र विलक्षण उत्सुकता वाटली. मी विचारलं, ‘ही काय आहे?’

‘तूच मांगलीस ना, बा,’ ती म्हणाली. इकडची माणसं राजाशीही ‘तू’ म्हणूनच बोलतात. ‘सोडचिठ्ठी. आमच्यात चिठ्ठी कोण लिवील? आमच्यात काडी मोडतात, पंचांपुढं. नवऱ्यानं एक टोक धरायचं, बाईनं एक. मना एकलीला कशी मोडंल? म्हणून चाललंय त्याच्याकं. मोडून आणतंय. मंग माझ्या पोरीला हठं ऱ्हाऊ दे.’

मला पहिल्यांदा काही कळलं नाही. आणि मग सगळं एकदमच कळलं. ‘कवाच मेली’ म्हणणारा म्हातारा विधुर होता. ‘दोन हाईत’ म्हणणाऱ्याला दोन बायका होत्या. आणि ही बाई दोन महिने पदराला काडी बांधून बसली होती. इथे राहायचं तर नवरा सोडला पाहिजे, असा सरकारचा हुकूम आहे, अशा समजुतीत. नवरा नको झाला असता तर गोष्ट वेगळी. हिला तो हवा होता.

मी धर्माकडे वळलो. त्यानं मान खाली घातली. म्हणाला, ‘भाऊसाहेब, मला वाटायचं तसंच. पण तुमी बी.ए., म्हटलं नवा कायदाच निघाला असंल.’

काळू भगत हसला नाही. तो शांतपणे म्हणाला, ‘माझ्याकं लोक दुखणं घेऊन येत्यात. तू लिवणारा, तू तं घरोघर दुखणं वाटून आलास.’



मी बुधीला सांगू लागलो की असा हुकूम नाही, नवऱ्याला सोडायचं कुणी म्हटलेलं नाही, चिठ्ठी पाटलाची हवी होती, शब्द माझा चुकला. ती ऐकत होती, पण तिचा हात गाठोड्यावरून निघत नव्हता. शेवटी म्हणाली, ‘तू आता बोलतंस. पण लिवलंय ना? तवा वाचून दावलंस.’

खरंच होतं. लिहिलेलं खरं, बोललेलं वाऱ्यावर, हे मीच तर त्या सगळ्यांना शिकवलं होतं. धर्माच्या खांद्यावरच्या पिशवीतून मी नोंदवही काढली, तिचं पान उघडलं. तिनं विचारलं, त्यो शबूद कुठं हाय? मी मथळा दाखवला. टाकानं त्याच्यावर आडवी रेघ मारली. तिनं ओल्या शाईवर बोट ठेवलं, बोट काळं झालं, ते तिनं नीट बघितलं.

‘आता तठं काय लिवतंस?’

मी तिच्या नावापुढे शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: ‘नवरा आहे. येणार आहे.’ आणि वाचलं.

‘फिरून वाच.’

मी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा तिनं सांगितलं नाही, मीच वाचलं. तिनं आत्याच्या मांडीवरून मुलगी उचलली, कुडाला टेकून बसली आणि तिला छातीशी धरली. आम्ही पुरुष उठून बाहेर गेलो. धर्मानं विडी पेटवली. थोड्या वेळानं आत्या बाहेर आली आणि तोंडावर बोट ठेवून म्हणाली, निजली. बसल्या बसल्याच निजली. भर दुपारी ती झोपली ती उन्हं कलेपर्यंत, आणि मूल तिच्या अंगावरून काढायची कुणाची छाती झाली नाही. दूध त्या दिवशी आलं नाही. ते यायला चार-पाच दिवस लागले.

निघताना तिनं काडी माझ्या हातात दिली. तुझ्यापाशी ठेव, म्हणाली, सरकारात ठेवली म्हंजे कोणाला मोडता यायची नाय. मी ती नोंदवहीत तिच्या पानावर ठेवली.

परतीच्या वाटेवर मला एक जुनी नोंद आठवली आणि मी वाटेतच वही उघडली. आदल्या वर्षी एक जोडपं आलं होतं. दोन महिन्यांनी मी गेलो तेव्हा बाई एकटीच होती. मी म्हटलं, चिठ्ठी? तर ती मान वळवून म्हणाली, ‘मोडली.’ चिठ्ठी कशी मोडेल, एवढाही विचार मी केला नव्हता. मी लिहिलं होतं, पूर्तता झाली. धर्माला घेऊन मी तिच्या घरी गेलो. तिनं दुसरा घरोबा केला होता. तिचा पहिला नवरा कुठे गेला, ते तिला ठाऊक नव्हतं. मी वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत राहिलो. तो मला सापडला नाही. माझ्या सगळ्या नोकरीत कुणी माझ्यावर ठपका ठेवला नाही, पण ‘पूर्तता झाली’ हे दोन शब्द मी त्यानंतर कुठल्याही कागदावर लिहिले नाहीत. वरिष्ठ त्यावरून चिडत.

उरलेल्या सगळ्या घरी मी पुन्हा फेरी काढली आणि शब्द मागे घेतला. दोन बायकांवाला जरा निराश झालेला दिसला.

प्रश्न राहिला नियमाचा. पाटलाची चिठ्ठी बुधीला मिळणार नव्हती. जव्हारच्या कचेरीतून विचारणा आली: पोशेऱ्याकडील बाईची मुदत संपली, पुढे काय केले? आणि मथळा का खोडला? मी मथळ्याबद्दल लिहिलं की शब्द अशुद्ध होता. बाईबद्दल लिहिलं की मूळ गावच्या पाटलाकडे दाखल्याची मागणी केली आहे, उत्तराची वाट पाहत आहे. मागणी खरोखरच केली. उत्तर येणार नाही याची मला खात्री होती, आणि ‘उत्तराची वाट पाहत आहे’ या शेऱ्यावर माणसाला किती दिवस राहू द्यायचं, ते नियमात कुठेच नव्हतं. पाटलाला स्मरणपत्र तेवढं मी पाठवलं नाही. माझ्या हातून झालेली कामं मोजायची म्हटली, तर त्या न पाठवलेल्या पत्राला मी पहिलं धरीन.

आता शहरांतून मनाच्या दुखण्याचे डॉक्टर असतात. खुर्चीवर बसवून तासभर ऐकून घेतात, असं माझा नातू सांगतो. चांगलं आहे. मला फक्त विचारावंसं वाटतं की, दारात गेल्या गेल्या ते नाव-गाव लिहून घेतात का? कारण ज्यांना खरी गरज, ते तेवढ्यावरच माघारी पळतात. मी पुढे नाक्यावर एवढंच बदललं. आधी पाणी द्यायचं, मग झोपेचं विचारायचं आणि वही सगळ्यात शेवटी उघडायची. धर्मा म्हणे, भाऊसाहेब, सरकारी काम उलटं चाललंय आपलं.

मृग लागायला पंधरा-वीस दिवस असताना एक माणूस ओढा उतरून आला. खांदे ओंडक्यांनी सोललेले, पायांत काही नाही. धर्मानं त्याला पाणी दिलं. झोपेचं विचारलं, तर म्हणाला, झोपंन आता. मग मी वही उघडली. नाव लहान्या. गाव त्यानं सांगायच्या आधीच मी लिहिलं. येण्याचं कारण विचारलं.

‘बायको आली,’ तो म्हणाला, ‘म्हणून.’

मी तसंच लिहिलं. तो रकाना इतका बरोबर भरलेला मी नंतर कधी पाहिला नाही.

आठ दिवसांनी दोघं मुलीला घेऊन नाक्यावर आली. बुधीला काडी परत हवी होती. मी पान उघडून दिली. लहान्यानं विचारलं, ही कसली? तिनं त्याला काही सांगितलं नाही. नुसती हसली आणि काडी केसांत खोवली.

पावसाआधीच्या शेवटच्या फेरीला मी त्यांच्या पाड्यावर गेलो. आत्याच्या घराशेजारी नवं खोपट उभं राहिलं होतं. दाराशी भोपळ्याचं बी टोचलेलं होतं, दोन पानं वर आली होती. लहान्या छपरावर चढून पेंढा बसवत होता आणि बुधी खालून पेंढ्या फेकत होती. मी विचारलं, काडी कुठाय? तिनं मान वर करून छपराकडे दाखवलं. ‘घातली तठंच. पेंढा कमी पडत व्हता.’

मी बराच वेळ मान वर करून बघत उभा राहिलो. सगळ्या काड्या एकाच रंगाच्या होत्या.